तीन तऱ्हेनं विचारलेला एक प्रश्न

कालिपा आपा त्या दिवशी तासभर खोटं बोलली आणि एकदाही अडखळली नाही.

समोर एर्मेक बसला होता, बिश्केकच्या विद्यापीठातला. दाढी उगवावी की नाही अशा विचारात पडलेलं त्याचं तोंड, आणि खाली अंथरलेल्या दस्तरखानावर सायीच्या वाटीशेजारी ठेवलेला काडेपेटीएवढा रेकॉर्डर. पोरं रशियात कामाला गेली की मागं राहिलेल्या आयांचं काय होतं, हे त्याला विचारायचं होतं. आधी त्यानं एक कागद वाचून दाखवला. नाव कुठं छापणार नाही, नको वाटलं तर मधेच थांबा, दिलेलं उत्तर मागाहूनही परत घेता येईल.

"दिलेलं परत घ्यायला मी काय लहान पोर आहे?" कालिपा म्हणाली. "विचार तू. आणि साय खा, बघत काय बसलायस तिच्याकडं?"

"धाकटा मुलगा किती वर्षं झाली तिकडं?"

"कुबात? चार."

"फोन करतो?"

"दर शुक्रवारी. कामात असला तर शनिवारी."

"काय बोलतो?"

"आईशी काय बोलतात? जेवलीस का, गुडघा कसा आहे, जळण भरलंस का. मी म्हणते, माझी काळजी करू नकोस, तू अंगावर लोकरीचं घाल."

"परत यायचं म्हणतो का?"

"म्हणतो कशाला, येतोयच. मेंढरं कुरणावरून खाली उतरली की येणार. हे घर त्याचं आहे, ही चूल त्याची आहे. थोरले दोघे आपापल्या संसाराला गेले, धाकटा आईजवळ राहतो. तुमच्या विद्यापीठात हे शिकवत नाहीत?"

एर्मेक मान हलवत लिहीत होता. तो गेल्यावर कालिपानं वाटी उचलली आणि उरलेली साय उभ्यानंच संपवली. बघायला घरात कुणी नव्हतं.

कुबातचा फोन येऊन चौदा महिने झाले होते. नंबर लावला की एक रशियन बाई गोड आवाजात काहीतरी सांगायची आणि फोन बंद व्हायचा. तो जिवंत आहे एवढं कळलं होतं. खालच्या गावातल्या एकानं त्याला तिकडं बाजारात पाहिला होता, अंगानं भरलाय म्हणाला, बरोबर एक बाई होती म्हणाला. कालिपानं त्या माणसाला चहा पाजला आणि ही गोष्ट बाहेर गेली तर तुझी जीभ कुत्र्याला घालीन असं सांगून वाटेला लावलं. मेलेल्याचं रडता येतं, गाव येतं रडायला. जो धडधाकट आहे आणि बोलत नाही, त्याचं काय करायचं?

आणि खुंटीवरचा नान.

माणूस लांब निघाला की उंबऱ्यावर आई त्याच्यापुढं ताजा नान धरते. त्यानं एक घास चावायचा आणि निघायचं. उरलेला नान भिंतीवर उंच अडकवून ठेवायचा. त्याचा घास इथं अर्धा राहिलाय, तो संपवायला त्याला यावंच लागतं. कुबातनं चावलेला नान कालिपाच्या घरात भिंतीवर होता. गावातल्या बायका आल्या की त्याच्याकडं बघून म्हणायच्या, येईल हो, येईल.

तो नान कुबातनं चावलेला नव्हता. त्याचा नान दोन हिवाळ्यांमागं उंदरांनी खाल्ला. कालिपानं त्याच दिवशी नवा भाजला, त्याच अंगानं स्वतः चावला आणि खुंटीला लावला. हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ती असेपर्यंत कुणाला होणारही नव्हतं. गावानं म्हणायचं काय? की आईनंच पोराचा परतीचा घास खाल्ला? झाकली मूठ होती ती. चौथीत असताना कोकरं सांभाळायला तिला शाळेतून काढलं, त्यामुळं पुस्तकातलं फारसं कळत नव्हतं, पण मूठ झाकून ठेवायला कुठं शाळा लागते?

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाचनालयात बायकांची बैठक भरली. आठजणी गोल बसल्या, मधे मिठाई आणि बोर्सोक, कणकेचे तळलेले तुकडे. एर्मेकच्या जोडीला आज बेगायम नावाची मुलगी होती, बारीक, चष्मेवाली. ती फार बोलत नव्हती. प्रश्न कालचाच होता.

"काल विचारलंस की," कालिपा म्हणाली. "रात्रीत उत्तर बदलतं का?"

"एकट्यानं विचारलं की माणूस एक सांगतो, चौघांत विचारलं की कधीकधी दुसरं," एर्मेक म्हणाला. "आम्हाला तेच ताडून बघायचंय, आपा. कुठल्या तऱ्हेनं विचारलं की काय हाती लागतं."

"म्हणजे दूध कसं आहे ते बघायचं नाही तुम्हाला. भांडं तपासताय."

बायका हसल्या. एर्मेकनं ते वाक्य लिहून घेतलं.

वयानं कालिपा मोठी, दारापासून लांबच्या, मानाच्या वरच्या जागी तीच बसलेली, तेव्हा पहिलं तिनंच बोलायचं. ती बोलली. शुक्रवार, लोकरीचं, मेंढरं उतरली की. झालं, एका शेळीनं ओढा ओलांडला की बाकीच्या खोली न बघता उड्या मारतात. तिच्या शेजारच्या सायराशचा पोरगा दिवसाआड फोन करायला लागला. पलीकडचीचा रोज करायचा, तेही चेहरा दिसणारा. एकीचा तर म्हणे आईला तिकडं घेऊन जायचं म्हणून मागं लागला होता, हीच नको म्हणत होती. कालिपा ऐकत होती आणि मनात म्हणत होती, बाई, जरा हात राखून.

दाराजवळ सायराशची सून जिबेक चहा ओतत होती. बेगायमनं तिला हळूच विचारलं, "आणि तुम्ही? तुमचे ते फोन करतात?"

जिबेकनं किटली खाली ठेवली. "ह्यांचा अकरा महिने नाही आला," ती म्हणाली. "मला ठाऊक नाही ते आहेत कसे."

सायराशनं सुनेकडं असं पाहिलं की दुसरी असती तर जागीच वाळली असती. पण बोलली कालिपा. तिला बोलावंच लागलं, मोठी होती ना.

"सांजसकाळ असलं अभद्र तोंडातून काढू नये, पोरी. नवऱ्याच्या वाटेवर काटे पेरतेस? कामात असेल. तुझ्या सासूला येतो फोन, तुला नसेल सांगितलं. सगळं सुनेला सांगायचं असतं का?"

बायका हसल्या, मोकळ्या झाल्या. जिबेक लाल झाली, किटली उचलून बाहेर गेली आणि बैठक उठेपर्यंत आत आली नाही. घरी जाताना सायराशनं कालिपाचा दंड दाबला. "वाचवलंस ग आज."

"सून आवर," कालिपा म्हणाली. एवढंच. दोघींनाही एकमेकींचं ठाऊक असणार असं कालिपाला वाटलं, आणि वाटलं म्हणूनच तिनं पाय उचलला.

सप्टेंबरात बेगायम पाठीवर पिशवी घेऊन आली. तिसरी तऱ्हा ही होती. काही विचारायचं नाही, नुसतं घरात राहायचं, कामं करायची, बघायचं. आधी दहा दिवस ती सायराशकडं राहून आली होती, आता दहा दिवस कालिपाकडं.

"बघायला माझ्या घरात काय अस्वल नाचतंय?" कालिपा म्हणाली. पण गादी तिनं भिंतीच्या उबेच्या बाजूला घातली.

पोरगी कामाला वाईट नव्हती, नुसती अडाणी होती. गोवऱ्या आणायला सांगितलं तर ओल्या वेचून आणायची. कणीक मळायला बसली की कालिपा डोक्याला हात लावायची.

"मळतेस का तिची समजूत काढतेस?"

"निघत नाहीये समजूत, आपा. तुमच्यासारखीच आहे."

"जीभ आहे म्हणायची. मला वाटलं चष्माच आहे."

गाय पिळायला फक्त हात लागतो. एर्मेकनं तेच केलं, प्रश्नानं पिळलं, आणि गाईनं तिला द्यायचं तेवढं दिलं. घोडीचं तसं नसतं. शिंगरू कुशीला लागल्याशिवाय घोडी पान्हा सोडत नाही. कालिपानं साठ वर्षं घोड्या पिळल्या होत्या, ही युक्ती तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी चौथ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं, की पोरगी पाटावरून पाणी घेऊन यायच्या वेळेला आपण फाटकाच्या आवाजाकडं कान लावून बसतो. दोन वाट्या आपण न बोलता मांडतो. पहाटे चूल पेटवताना आपण मोठ्यानं बोलतो, कारण पलीकडून कुणीतरी झोपेत 'हं' म्हणतं. तिला स्वतःचा इतका राग आला की त्या दिवशी तिनं बेगायमला खाऱ्या चहात मीठ कमी पडलं म्हणून दुपारपर्यंत फैलावर घेतलं.

फोन कोनाड्यात होता. शुक्रवार आला. कालिपानं सकाळीच तो उचलून झग्याच्या खिशात घातला आणि दुपारभर गोठ्यात राहिली. परत आल्यावर म्हणाली, "बोलले कुबातशी. तुला नमस्कार सांगितलाय."

"बरं," बेगायम म्हणाली. गोठ्याच्या बाजूला डोंगर आडवा येतो, तिथं फोनला रेंज येत नाही, हे ती सायराशकडं राहून शिकली होती. तिनं ते बोलून दाखवलं नाही. कालिपाला मात्र तिच्या 'बरं'मधून ते ऐकू आलं. न विचारणाऱ्या माणसापुढं खोटं टिकत नाही. विचारणाऱ्याला उत्तर देता येतं. नुसतं बघणाऱ्याला काय देणार?

सातव्या दिवशी सकाळपासून धुकं आणि ओल. कालिपानं वर पाहिलं तर खुंटीवरच्या नानाला हिरवी बुरशी. तो आठवडाभर तसा राहिला असता तर आलेल्या पहिल्या बाईनं नाक मुरडलं असतं. बेगायमला तिनं दोन बादल्या देऊन पाण्याला पाठवलं. पाटावर जाऊन यायला अर्धा तास लागतो. ती वळणापलीकडं गेल्यावर कालिपा स्टुलावर चढली, जुना नान उतरवला, गाईच्या आंबोणात कुस्करला. आज भाजलेल्यातला एक घेतला, डावीकडून, कुबातच्याच अंगानं, मोठा घास चावला आणि वळली.

बेगायम दारात उभी होती.

कालिपाचं तोंड भरलेलं होतं. थुंकता येत नव्हतं, नान कुणी थुंकतं का? बोलता येत नव्हतं. ती चावत राहिली. सोन्याचे दात, मागचे दोन नसलेले, कोरडा घास. इतका वेळ तिनं आयुष्यात दुसरा कुठला घास चावला नसेल. पोरगी उभी राहून तो संपायची वाट बघत होती, जणू कुणाचं बोलणं संपायची.

"कावड विसरले, आपा," ती म्हणाली. कोपऱ्यातून कावड घेतली आणि गेली.

दुपारी ती पायरीवर बसून वहीत लिहीत होती. कालिपानं खिडकीतून पाहिलं. एक ओळ लिहिली, थांबली, दुसरी लिहिली. मग नुसतं वहीकडं बघत बसली.

दोन दिवस कालिपा तिच्याशी कामापुरतं बोलली. नवव्या दिवशी सकाळी चहा ओतून झाल्यावर म्हणाली, "वही आण. वाच."

"आपा?"

"माझ्या घरात बसून माझं लिहिलंस ना? मग मला वाचून दाखव. का त्या कागदात हे नव्हतं?"

"होतं," बेगायम म्हणाली आणि वही आणली.

लिहिणं अगदी कोरडं होतं. किती वाजता उठल्या, काय खाल्लं. शुक्रवारी आपा फोन घेऊन गोठ्यात गेल्या. मग सातवा दिवस. ओल. आपांनी मुलाचा नान खुंटीवरून उतरवला, कुस्करून गाईला घातला. नवा नान स्वतः चावला, तिथंच अडकवला. मला पाहिलं. काही बोलल्या नाहीत. मी विचारलं नाही.

"खाली अर्धं पान मोकळं आहे," कालिपा म्हणाली. वाचता येत नव्हतं असं नाही, अक्षरं तिला दिसत होती.

"तिथं 'का' लिहायचं होतं. बघून 'काय' ते कळतं, आपा. 'का' नाही कळत. ते विचारावं लागतं."

"मग विचारायचंस."

"विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंत?"

कालिपानं विचार केला. "नाही."

"चौघींत विचारलं असतं तर?"

"चौघींत? तर अजून मोठं खोटं सांगितलं असतं."

"म्हणून नाही विचारलं," बेगायम म्हणाली आणि वही मिटली.

आणि मग, कुणी विचारलं नाही म्हणून असेल, समोरची पोरगी मान खाली घालून चहाच्या वाटीत बोर्सोक बुडवत बसली होती म्हणून असेल, कालिपा बोलली. भांडी आवरता आवरता, पाठ करूनच बोलली.

"त्या हिवाळ्यात मांजर मेलं. दुसरं आण म्हणून सायराश म्हणाली होती. मी म्हटलं, वसंतात आणू. एक दिवस उठले तर खाली चुरा पडलेला. खुंटीवर दोराच राहिला होता. मी नवा भाजला. मीच चावला. तेव्हा फोन यायचा त्याचा, बरं का. खरंच यायचा. मग कमी झाला. मग बंदच झाला." तिनं एक वाटी पुसली, परत पुसली. "मांजर आणलं असतं तर एवढीशी गोष्ट होती. त्याची वाट मी तोडली. उंदरांनी नाही, मी. आईच्या तोंडात पोराचा घास. आणि दर वर्षी परत तेच करते."

बेगायम उठून जवळ आली. तिनं खांद्याला हात लावला नाही, शहाणी होती. नुसती शेजारी उभी राहून वाट्या रचायला लागली.

"हे लिहिलंस तर बघ," कालिपा म्हणाली. "आणि वहीतलं आहे तेही खोड."

"नाव नसणार आहे, आपा."

"नाव नसलं म्हणून काय झालं? या गावात खुंट्या किती आणि त्यांच्याखाली कोण राहतं हे कुत्र्यांनाही ठाऊक आहे."

"तीन महिने आम्ही हिंडतोय. रेकॉर्डरवर नाही, बैठकीत नाही, कुठंच मिळालं नाही असं हे एकच आहे."

"म्हणून तर खोड."

बेगायमनं तिच्याकडं पाहिलं. ती दोन पानं तिनं वहीतून नीट फाडली, कालिपाच्या हातात दिली. कालिपानं ती चुलीत घातली. पोरगी दहाव्या दिवशी गेली. कालिपानं तिला कुरुतची, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची पिशवी दिली, फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, "जा. कणीक मळायला शीक." घरात आल्यावर चूल पेटवली आणि सवयीनं काहीतरी मोठ्यानं बोलली. पलीकडून कुणी 'हं' म्हणालं नाही.

मेंढरं उतरली. कुबात आला नाही. कालिपानं गावात सांगितलं, तिकडं काम लांबलंय, आता वसंतात, नौरुजच्या सणाला येणार. गावानं मान हलवली.

नोव्हेंबरात एर्मेक आणि बेगायम परत आले. हीही त्यांची रीत होती. जे समजलं ते छापायच्या आधी ज्यांचं त्यांना वाचून दाखवायचं, चुकलं असेल तर दुरुस्त करायचं. वाचनालयात शेगडी पेटवली होती, आठजणी गोल बसल्या, कालिपा वरच्या जागी. जिबेक दाराजवळ वाट्या विसळत होती.

एर्मेकनं वाचलं. एकेकटीशी बोललो तेव्हा गोष्टी लांब आणि नीट लावलेल्या मिळाल्या, तो म्हणाला. बैठकीत कळलं की पोरांचं काय व्हावं असं गावाला वाटतं. घरात राहून रोजचं आयुष्य दिसलं, आया दिवसभर कामात असतात हे दिसलं. मग बेगायम म्हणाली, कागदातून मान वर न काढता, "घरात राहून दिसलेलं काही आम्ही इथं सांगत नाही. ते आम्हाला सांगायची परवानगी नाही."

"कुणाच्या घरातलं ग?" सायराशनं लगेच विचारलं. "राहिलीस तर माझ्या नाहीतर आपाच्या घरी."

सगळ्या वळल्या. कालिपाचं तोंड तयारच होतं. "तुझ्याच असणार. तुझ्या घरातली धूळ छापली तर विद्यापीठ बुजून जाईल."

हशा झाला. सायराश सगळ्यांत मोठ्यानं हसली.

"शेवटचं," एर्मेक म्हणाला आणि पान उलटलं. "गावातल्या मुलांचा घरच्यांशी नियमित संपर्क आहे, असं तिन्ही तऱ्हांनी विचारल्यावर दिसतं. एका तरुण बाईनं वेगळं सांगितलं. तसं दुसरं कुठं सापडलं नाही, म्हणून ते अपवाद म्हणून नोंदवलं आहे." त्यानं वर पाहिलं. "हे बरोबर आहे का? कुणाला काही दुरुस्त करायचंय?"

दारापाशी विसळणं थांबलं. जिबेकच्या हातात वाटी तशीच राहिली, पाणी मनगटावरून कोपराकडं निथळत होतं. ती कुणाकडं बघत नव्हती. एवढ्या सगळ्या गावात आपण एकटीच, हे तिनं आता छापील ऐकलं होतं.

बायका कालिपाकडं बघत होत्या. मोठीनं आधी बोलायचं. बेगायमही बघत होती, चष्म्याआडून, काही न विचारता.

चुलीत गेलेली दोन पानं कालिपाला आठवली नाहीत. जीभ जड झाली असंही नाही. तिच्या जिभेला सवय होती, ती आपली आपण चालली.

"बरोबर आहे," कालिपा म्हणाली. "नीट लिहिलंय पोरांनी."

मग सगळ्या बोलायला लागल्या, बोर्सोकच्या परातीवर हात पडले, एर्मेकला कुणी मुलगी सांगून आलीय का याची चौकशी सुरू झाली. कालिपा गुडघ्यावर हात टेकून उठली आणि दाराकडं गेली. तिथं वारा येत होता. जिबेक तिला बघून लगबगीनं उभी राहिली, हात पुसायला लागली. मोठ्यांपुढं सुनेनं बसायचं नसतं.

"बस," कालिपा म्हणाली आणि तिची बाही धरून खाली ओढली. स्वतःही बसली, त्या ओल्या फरशीवर. आवाज खाली आणला. "ऐक. तू एकटी नाहीस. माझ्याही कुबातचा फोन येत नाही. सोळा महिने झाले. मी खोटं सांगते सगळ्यांना. तो येणार नाहीये."

जिबेकनं तिच्याकडं पाहिलं. तिचे डोळे भरून आले, आणि मग, कालिपाला समजेना का, ती हसली.

"आपा, नका ना," ती म्हणाली. "माझ्यासाठी स्वतःच्या पोराबद्दल असं अभद्र बोलू नका."

"अगं खरं सांगतेय मी तुला."

"तुमचं मन मोठं आहे, म्हणून बोलताय. मला कळतंय हो. त्या दिवशी तुम्ही रागावलात ना, ते बोचत असेल तुम्हाला. मी कधीच विसरले." जिबेकनं तिचा हात आपल्या ओल्या हातांत घेतला, कपाळाला लावला. "तुमचा कुबात नौरुजला येतोय, सगळ्या गावाला ठाऊक आहे. कुणाचाही येवो, न येवो, तुमचा येणार. असलं मुलाच्या वाटेवर बोलू नये, तुम्हीच सांगितलंत मला."

कालिपानं तोंड उघडलं. अशी वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. नानाचं सांगावं असं मनात आलं, पण ती पोरगी त्याचीही काहीतरी दयेची गोष्ट करून टाकेल हे तिला दिसत होतं. आपण खोटं इतकं पक्कं बांधलंय की त्यातून आपल्यालाच बाहेर यायला दार ठेवलं नाही.

"जिबेक!" आतून सायराशची हाक आली. "किटली!"

"आले, आई." ती उठली. जाताना वळून म्हणाली, "आपा, तुम्ही वर जा, इथं गार लागतंय. सोळा महिने म्हणे!" आणि मान हलवत, डोळे पुसत, किटली घेऊन गेली. कित्येक दिवसांत तिचं मन इतकं हलकं झालेलं कुणी पाहिलं नसेल.

कालिपा फरशीवर बसून राहिली. विसळलेल्या वाट्या पुढ्यात उपड्या होत्या, अजून ओल्या. तिनं फडकं उचललं आणि पुसायला घेतल्या.

"आपा, तुम्ही कशाला?" आतून दोघीतिघी ओरडल्या. "सून करेल ते! वर या, तुमची जागा मोकळी आहे!"

"असू दे मोकळी," कालिपा म्हणाली आणि पुढची वाटी घेतली.